मायक्रोस्कोपमध्ये निळी-जांभळी झालर परत परत येते? लेन्सला शिव्या देण्याआधी खालचा एलईडी बघा

गेल्या पावसाळ्यात ही कटकट सुरू झाली ती दिवाळीपर्यंत सुटली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहालोय. ओळखीतल्या दोघातिघांना हाच त्रास झाला आणि सगळ्यांनी आधी नवीन ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची लेन्स) घेऊन पैसे घालवले. लक्षण असं की ४० एक्सवर काहीही बघा, कांद्याची साल असो नाहीतर बेळगावच्या किल्ला तलावातलं शेवाळ, प्रत्येक कडेला निळी-जांभळी झालर दिसते, मधलं सगळं दुधात बुडवल्यासारखं, आणि फाइन फोकस फिरवला की झालर निळ्याची पिवळी होते पण जात काय नाही. मोबाईलच्या फोटोत तर अजूनच घाण. एलईडी बदलला की दोन दिवस बरं वाटतं आणि मग तेच दुखणं वेगळं तोंड घेऊन परत दारात उभं.

माझा मायक्रोस्कोप म्हणजे जुना, विद्यार्थी वापरतात तसला, १६० मिलिमीटर ट्यूबचा, भंगाराच्या भावात घेतलेला. खाली १५ वॅटचा पिवळा बल्ब होता. तो उडाला, तसला बल्ब कुठं गावंना, मग बाजारातून एक वॅटचा 'कूल व्हाइट' एलईडी आणला आणि उद्यमबागेत आमच्या शॉपमध्ये लेथवर ॲल्युमिनियमचा गोल बुडखा करून त्यावर बसवला. उजेड झकास, पांढराशुभ्र, आणि मी खूष. भाच्यानं डोळा लावला आणि म्हणाला, "मामा, लेन्स गेली की हो तुमची, सगळं निळं निळं दिसालंय." मी म्हटलं, "लेन्स कशाला जाईल रे, परवापर्यंत बरी होती की." तरी चार दिवस लेन्सच पुसत बसलो.

लेन्स का लाईट हे ठरवायला दोन मिनिटं लागतात. गणपतीच्या डेकोरेशनचा हिरवा जिलेटिन कागद घ्या (गणपत गल्लीत वर्षभर मिळतो), दोन घड्या करून खालच्या लाईटच्या काचेवर ठेवा, आयपीसवर (डोळ्याजवळच्या लेन्सवर) नाही. आता परत बघा. झालर गेली आणि कडा धारदार झाल्या, तर लेन्स बरी आहे, दोष उजेडात आहे. हिरव्यातपण धुरकटच राहिलं तर मात्र लाईटला दोष देऊ नका, दुसरं काहीतरी आहे, आणि दहातल्या सहा वेळा ते ४० एक्सच्या तोंडाला लागलेलं तेल असतं, कारण लोक १०० वर तेल घालून बघतात आणि नोझपीस (लेन्स बदलायची फिरती चकती) उलटा फिरवून ४० त्याच तेलातनं ओढतात. दुसरं कारण कव्हरस्लिप. ४० एक्स, ०.६५ एनएच्या (एनए म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून उजेड गोळा करते त्याचा आकडा) लेन्सला ०.१७ मिलिमीटरची काच लागते, तिच्याखाली पाण्याचा जाड थर राहिला की कुठलाच एलईडी वाचवू शकत नाही, ब्लॉटिंगनं कडेचं पाणी ओढून घ्या. तिसरं आपल्याकडचं खास, बुरशी. जून ते सप्टेंबर बेळगावची हवा म्हणजे कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं काचेचं काय. ऑब्जेक्टिव्ह काढून उलटा धरा, टॉर्चचा उजेड तिरका मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर तेच. सिलिका जेलची पुडी घालून डबा बंद ठेवायचा, एवढंच.

माझ्याकडं हिरव्या कागदानं झालर गेली. म्हणजे लाईट.

आता कारण. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच, आत निळी चिप असते, साधारण ४५० नॅनोमीटर वेव्हलेंग्थची (उजेडाचा रंग याच आकड्यानं सांगतात), आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर चोपडलेला असतो; निळं अधिक पिवळं मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. (ही निळी चिप जमायलाच जगाला इतकी वर्षं लागली की २०१४ चं फिजिक्सचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्याच्यासाठीच मिळालं.) कूल व्हाइटमध्ये फॉस्फर कमी म्हणून ४५० ला निळ्याचा उंच सुळका निघतो, मग ४८० च्या आसपास खड्डा, आणि पुढं हिरव्यापासून लालपर्यंत पसरट टेकाड. आणि आपली लेन्स असते अक्रोमॅट. अक्रोमॅटचा हिशोब असा की लाल ६५६ आणि निळा-हिरवट ४८६ हे दोन रंग एका ठिकाणी फोकस होतील असं काचांचं जमवलेलं असतं, आणि गोलाईचा दोष (लेन्सच्या कडेचा आणि मधला उजेड एका जागी न येणं) काढलेला असतो तो मधल्या हिरव्या-पिवळ्यासाठी. ४८६ च्या खालचा निळा-जांभळा या हिशोबातच धरलेला नाही, तो भलतीकडंच फोकस होतो. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये निळा नावालाच होता म्हणून लेन्सची ही लबाडी कधी उघडी पडली नव्हती. कूल व्हाइटनं नेमका तोच रंग भरभरून ओतला. लेन्स तीच, साक्षीदार बदलला.

पहिला इलाज मी फुकटातला केला, हलका पिवळा जिलेटिन. पिवळा कागद निळा गिळतो, झालर जवळजवळ गेली. फक्त एलईडीच्या अंगावर चिकटवू नका, गरम होऊन आकसतो आणि त्याच्या सुरकुत्यांची सावली फील्डमध्ये येते. वरच्या काचेवर ठेवा. नुसतं बघायचं असेल तर एवढ्यावर भागतं, पण रंगवलेल्या स्लाइडचे रंग पिवळट पडतात.

मग हुशारी केली. म्हटलं पांढऱ्यातच भानगड आहे तर लाल, हिरवा, निळा असा तीन रंगांचा आरजीबी एलईडी घालू, पाहिजे तसा पांढरा आपणच कालवू. झालर खरंच कमी झाली. पण भाच्याच्या कॉलेजची स्लाइड लावली, बॉटनीचं खोड, सॅफ्रॅनिननं रंगवलेलं, तर लाल जागी भलतंच तपकिरी-काळपट, आणि इओसिनची दुसरी एक स्लाइड कुणी धुतल्यासारखी. आरजीबीचा पांढरा म्हणजे तीन बारक्या सुळक्यांची बेरीज, मधे पिवळ्या-नारिंगीच्या जागी खड्डा. डोळ्याला भिंत पांढरी दिसते, पण मधलेच रंग नसल्यानं डायचा खरा रंग उठत नाही. रंग बघायला आरजीबी घेऊ नका, कुणी कितीही रिमोटसकट देऊ दे.

रंगाच्या कामाला शेवटी ४००० केल्विनचा, ९० च्या वर सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) एलईडी लावला. निळ्याचा सुळका यात कमी आणि लालची बाजू भरलेली. साध्या बाजारातल्या स्टारवर (एलईडी बसवलेल्या चांदणीसारख्या चकतीवर) सीआरआय लिहिलेलाच नसतो, आणि न लिहिलेला म्हणजे बहुतेक ७०-८० धरून चाला. ग्रॅम स्टेन (बॅक्टेरिया रंगवून ओळखायची पद्धत), जिथं जांभळा का गुलाबी यावरच सगळा निकाल, तिथं हाच वापरा, दुसरा नाही.

इथं मला वाटलं संपलं. आणि नेमकं तेव्हाच फोटोत पट्टे यायला लागले. आडवे, काळे-पांढरे, सरकणारे. डोळ्याला काही दिसत नाही, मोबाईलला दिसतात. मी आधी परत एलईडी बदलला (हो, तिसरा), पट्टे तसेच, कारण दोष डिमरचा होता. हे स्वस्तातले डिमर उजेड कमी करत नाहीत, एलईडी भराभर चालू-बंद करतात, आणि मोबाईलचा सेन्सर फोटो एकेक ओळीनं वाचतो, म्हणून काही ओळी 'चालू'च्या आणि काही 'बंद'च्या पडतात. तपासायला काही लागत नाही: लाईटसमोर पेन्सिल जोरात हलवा, सलग धूसर पट्टा दिसला तर लाईट बरा, एकापाठोपाठ सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर डिमर फडफडतोय. भिंतीतल्या मेन्सवर थेट चालणाऱ्या स्वस्त बल्बचीपण हीच तऱ्हा, फक्त तिथं वीज ५० हर्ट्झची असल्यानं उजेड सेकंदाला १०० वेळा हलतो, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वर बांधलं की पट्टे जातात. डिमरच्या फडफडीला ती युक्ती चालत नाही. मी डिमर काढूनच टाकला, एलईडी कायम एकाच करंटवर, आणि उजेड कमी करायला खाली ट्रेसिंग पेपरचे तुकडे, एक, दोन, तीन. गावठी आहे पण पट्टे गेले ते गेलेच, आणि वरनं एलईडीच्या चिपचा चौकोनी ठसा फील्डमध्ये दिसायचा तोपण पसरून गेला. कंडेन्सरची (स्लाइडखालच्या, उजेड गोळा करणाऱ्या लेन्सची) पाकळी आवळून मात्र उजेड कमी करू नका, त्यानं बारकावे मरतात. आयपीस काढून नळीत बघा आणि गोल उजेड साधारण पाऊण भरेल एवढी उघडी ठेवा.

पावसात लाईट जायला लागली म्हणून पॉवर बँकवर गेलो तर नवीनच ताप, दर अर्ध्या मिनिटानं अंधार. बऱ्याच पॉवर बँकांना फार कमी करंट ओढला की वाटतं मोबाईल भरून झाला, आणि त्या झोपतात. करंट वाढवला की जाग्या राहतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण खरी मजा पांढऱ्यात नाहीच. रंग बघायचा नसेल, नुसता आकार आणि बारीक रेघा बघायच्या असतील, तर एकच रंग वापरायचा. एकच रंग म्हणजे लेन्सला दोन रंगांत भांडण लावायला कुणी उरत नाही, झालर हा प्रकारच संपतो. खानापूरजवळ मलप्रभेच्या दगडांवर उन्हाळ्यात तपकिरी, बुळबुळीत थर असतो ना, ज्याच्यावरनं पाय घसरतो, तो जुन्या टूथब्रशनं खरवडून आणला. त्यात डायटम (काचेसारख्या कवचाचं, एका पेशीचं शेवाळ) गच्च असतात. होडीसारखा एक हुडकला, पांढऱ्या उजेडात पाठीवर नुसती राखाडी झाक. ५२५ चा हिरवा लावला. झाक मोडून रेघा सुट्या झाल्या, कंगव्याच्या दातांसारख्या, मधल्या शिरेपर्यंत. निळा लावला तर दोन रेघांमधला काळा गाळापण दिसायला लागला. लेन्स तीच, स्लाइड तीच, जागापण तीच.

हिशोब अर्न्स्ट ॲबे या जर्मन शास्त्रज्ञाचा, १८७३ चा: किती बारीक दिसेल ते वेव्हलेंग्थ भागिले दुप्पट एनए. ०.६५ च्या लेन्सवर ६३० च्या लालमध्ये ०.४८ मायक्रॉन, ५३० च्या हिरव्यात ०.४१, ४५० च्या निळ्यात ०.३५. म्हणजे लालवरून निळ्यावर गेलात तर नवीन लेन्स न घेता सव्वापटीपेक्षा जास्त फायदा. मग सगळे निळाच का लावत नाहीत? एक तर अक्रोमॅटची गोलाई हिरव्यासाठी घासलेली, निळ्यात थोडं पसरट येतंच, त्यामुळं कागदावरचा सगळा फायदा हातात पडत नाही. दुसरं, डोळ्याला उजेडात सगळ्यात जास्त दिसतं ५५५ ला, ४५० ला डोळा जवळजवळ आंधळा, मग माणूस उजेड वाढवत जातो आणि तो निळा डोळ्याला बरा नव्हे. निळा मोबाईलनंच बघा, डोळा लावायचाच झाला तर ट्रेसिंग पेपरचे तीन तुकडे घालून, थोडाच वेळ. माझं मत विचाराल तर नव्वद टक्के कामाला हिरवा पुरतो.

मोबाईलनं निळ्यात फोटो काढला की दाणेदार येतो, तो कॅमेरा खराब म्हणून नाही. सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा, म्हणजे निळ्या उजेडात चारातले तीन जवळजवळ रिकामे बसलेले. त्यात ऑटो व्हाइट बॅलन्स वेडापिसा होऊन लाल आणि हिरव्यात नुसता दाणेदार गोंधळ (नॉइज) भरतो. व्हाइट बॅलन्स लॉक करा, आणि नंतर फोटो काळा-पांढरा करताना फक्त निळा चॅनेल ठेवा, बाकीचे दोन टाकून द्या. नुसतं 'ब्लॅक अँड व्हाइट' फिल्टर मारला तर तिन्हींची खिचडी होते. आणि रंग बदलला की फोकस परत लावा, निळ्याचा आणि हिरव्याचा फोकस एक नसतो, पांढऱ्यात लावलेला फोकस धरून निळ्यात 'काहीच दिसंना' म्हणणारा मी पहिला.

रंगवलेल्या स्लाइडला एकच रंग लावायचा तर डाय ज्या रंगाचा त्याच्या उलटा घ्यायचा. सॅफ्रॅनिन लाल, म्हणून हिरव्यात काळंभोर उठतं. लाल एलईडीत तेच सॅफ्रॅनिन गायब, मी एकदा स्लाइड रिकामी समजून धुवायला निघालो होतो. मेथिलीन ब्लूला लाल पाहिजे, त्यातपण ६६० चा खोल लाल, कारण तो डाय सगळ्यात जास्त तिथंच गिळतो, आणि हा ६६० मिळायला सोपा, झाडं वाढवायच्या लाईटमध्ये वापरतात तोच. तिथलाच दुसरा एलईडी म्हणजे ४५० चा रॉयल ब्लू. आयोडीन लावलेली कांद्याची साल निळ्यात छान उठते.

याच लालनं माझा एक एलईडी खाल्ला ते सांगतो. पांढऱ्याला मी पाच व्होल्टवर ५.१ ओहमचा रेझिस्टर लावला होता: पांढरा घेतो ३.२ व्होल्ट, उरले १.८, भागिले ५.१, म्हणजे ३५० मिलिॲम्पिअर, एक वॅटच्या एलईडीला बरोब्बर. मग आळस केला आणि त्याच तारांवर लाल लावला. लाल घेतो फक्त २.२ च्या आसपास. उरले २.८, म्हणजे करंट जवळजवळ साडेपाचशे मिलिॲम्पिअर. दहा मिनिटं जोरात, मग मंद, मग शॉपमध्ये येतो तसला वास. लालला ८.२ ओहम लावा आणि रेझिस्टर दोन वॅटचा घ्या, नाहीतर तो वेगळा तापतो. तसंही लाल गरम झाला की निळ्या-हिरव्यापेक्षा लवकर मंद होतो, म्हणून 'रोज थोड्या वेळानं उजेड कमी होतो' अशी तक्रार असेल तर आधी हीटसिंकला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर स्टारच्या खाली थर्मल पेस्ट आहे का बघा. माझ्या पहिल्या बुडख्यावर मी स्टार नुसता स्क्रूनं दाबला होता, पेस्ट न लावता, आणि लेथवर फेसिंग करताना मधे उंचवटा राहिला होता तो वेगळाच. ज्याचा धंदाच हा, त्याच्याकडनं हे झालं.

नोटा तपासायची जांभळी टॉर्च घेऊन 'फ्लुरोसन्स करू' म्हणणारेपण भेटतात. वरनं तिरकी मारली तर पालकाचा रस लालसर चमकतो, गंमत म्हणून बरं आहे, पण तो ३९५ चा उजेड खालनं कंडेन्सरमधून सरळ डोळ्यात घ्यायचा नाही, पोरं जवळ असतील तर काढायचाच नाही.

एवढं सगळं करून माझ्याकडं अजून थोडी झालर उरली होती, पण जागा बदललेली: मधोमध स्वच्छ, आणि फील्डच्या कडेला गेलं की आतल्या बाजूनं एक रंग, बाहेरच्या बाजूनं दुसरा. ही एलईडीची नव्हे. जुन्या १६० च्या बऱ्याच ऑब्जेक्टिव्हना कॉम्पेन्सेटिंग आयपीस लागतो, लेन्सनं ठेवलेली चूक तो उलटी करून मिटवतो, आणि मी लावला होता दुसऱ्याच मायक्रोस्कोपचा साधा. योग्य आयपीस लावला आणि कडापण साफ झाल्या. आणि झालर सगळीकडं एकाच बाजूला येत असेल, समजा प्रत्येक पेशीच्या डावीकडंच, तर कंडेन्सर मधोमध नाही किंवा एलईडी सरकलाय. स्लाइड फिरवून बघा. स्लाइड फिरली तरी रंग डावीकडंच राहिला तर एलईडीचा बुडखा थोडा थोडा ढकलत जा, रंग दोन्ही बाजूंना सारखा झाला की तिथंच स्क्रू आवळा. माझा दीड मिलिमीटर बाहेर होता.